९९ दिवसांच्या कैसरचं सोन्याचं नाणं

तुम्ही विचारलंय की जर्मनीचं १८८८ सालचं, कैसर (म्हणजे सम्राट) फ्रीडरिश तिसऱ्याचं २० मार्कचं (मार्क म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन) सोन्याचं नाणं दुर्मिळ आहे का आणि कलेक्टर लोक त्याच्यामागे एवढे का लागतात.

दुर्मिळ अजिबात नाही हो. बर्लिनच्या टाकसाळीत ५० लाखांच्या वर पाडली होती, त्यामुळे कोणी रेअर म्हणून सोन्याच्या भावाच्या दुप्पट सांगितलं तर घेऊ नका. तरीपण माझ्याकडचं सगळ्यात लाडकं नाणं हेच.

१८८८ ला जर्मनीत एकाच वर्षात तीन कैसर झाले. मार्चमध्ये नव्वदीतला विल्हेल्म पहिला गेला, मुलगा फ्रीडरिश गादीवर आला तो घशाचा कॅन्सर घेऊनच, श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेली, आवाज गेलेला, जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आणि ९९ दिवसांत, १५ जूनला तोही गेला, मग त्याचा मुलगा विल्हेल्म दुसरा आला. आता नाण्यावर बघा, भरघोस दाढी, ताठ मान, आजाराचा मागमूस नाही. मला तो चेहरा बघितला की दरवेळी त्या चिठ्ठ्याच आठवतात. आणि त्याची बायको व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी, म्हणजे आपल्याकडे जुन्या डब्यांत जो राणीछाप रुपया सापडतो ना, त्या राणीचा हा जावई! तिघाही कैसरांची १८८८ ची २० मार्कची नाणी आहेत, त्यामुळे साल एक आणि चेहरे तीन असा सेट लावायला लोक धडपडतात.

घेताना काट्यावर ठेवा, ७.९६ ग्रॅम भरायला हवं, व्यास २२.५ मिमी, सोनं ९०० टंच, हजारात ९०० भाग, म्हणजे शुद्ध साधारण ७.१७ ग्रॅम. चेहऱ्याखाली बारीक इंग्रजी ए (A) आहे, ती बर्लिनची खूण. कडेवरून बोट फिरवा, आत दाबलेली अक्षरं लागतील, "गॉट मिट उन्स", देव आमच्यासोबत. आणि कडा भिंगाखाली पूर्ण फिरवून बघाच, कारण अशी बरीच नाणी लोकांनी कडी लावून गळ्यात घातलेली असतात आणि मग किंमत पडते. माझ्या नाण्याला डोक्याच्या बरोबर वर, कडेला डाख लावल्याची खूण आहे, मला ती घेतल्यावर दोन वर्षांनी दिसली. घासून काढू का असं मनात आलं होतं, पण नाही घासलं, तुम्हीही घासू नका, पॉलिश तर मुळीच नको.