मेरीलँडमधील कॉलेज पार्क हे आता राहण्यासाठी खरोखर चांगले गाव होत आहे का?

नमस्कार. आपल्या पत्नीला मेरीलँड विद्यापीठात नोकरी मिळाली आहे, मुलगा चार वर्षांचा आहे, आणि वॉशिंग्टनला लागून असलेले कॉलेज पार्क आता ‘एकदम कूल’ झाले आहे असे दोघातिघांनी आपल्याला सांगितले आहे. तेव्हा तिथेच घर घ्यावे, की विद्यापीठातले पुष्कळ लोक करतात तसे दूरच्या उपनगरात राहून रोज गाडीने ये-जा करावी, असा आपला प्रश्न आहे. मी २०११ मध्ये संशोधक विद्यार्थिनी म्हणून इथे आले. पहिली काही वर्षे ओल्ड टाउन या गावाच्या जुन्या भागातल्या एका घराच्या तळघरात काढली आणि पुढे बर्विन या भागात छोटे घर घेऊन इथेच राहिले. त्यामुळे या गावाचे विद्यार्थ्याला दिसणारे रूप आणि रहिवाशाला दिसणारे रूप, दोन्ही मला जवळून ठाऊक आहेत.

माझे मत आधी सांगते. गाव सुधारते आहे, ही सुधारणा वरवरची नाही, आणि आपल्यासारख्या कुटुंबाने इथे राहावे असे मला मनापासून वाटते. मात्र ज्या गोष्टी दाखवून लोक त्याला ‘कूल’ म्हणतात, त्या उंच इमारती, ते मोठे हॉटेल आणि तळमजल्यावरची नवी उपाहारगृहे यांचा इथे राहण्याशी फारसा संबंध नाही. विद्यापीठाचे गाव राहण्याजोगे आहे की नाही, हे जुलैमध्ये कळते. वसतिगृहे रिकामी झालेली असतात, फुटबॉलचे सामने नसतात, आणि तरीही संध्याकाळी रस्त्यावर, तळ्याकाठी, ग्रंथालयात जी माणसे दिसतात ती खऱ्या अर्थाने गावाची असतात. मी आले तेव्हा जुलैमध्ये मुख्य रस्ता ओस पडत असे. आता तसे होत नाही, आणि माझ्या दृष्टीने खरा बदल तो आहे.

या गावाला मध्यवस्ती अशी कधीच नव्हती, त्याचे कारण त्याच्या जन्मात आहे. मिशिगनमधले अॅन आर्बर १८२४ मध्ये वसले आणि विद्यापीठ तिथे १८३७ मध्ये आले, म्हणजे आधी गाव आणि मग विद्यापीठ. इथे क्रम उलटा आहे. १८५६ मध्ये मेरीलँड कृषी महाविद्यालयाला सनद मिळाली आणि वॉशिंग्टन व बाल्टिमोर यांना जोडणाऱ्या वाटेवर, शेतजमिनीत, ते उभे राहिले. रेल्वेमार्गालगत घरांसाठी भूखंड आखले गेले ते १८८९ मध्ये, आणि नगर म्हणून कॉलेज पार्कची नोंद झाली ती थेट १९४५ मध्ये. तोपर्यंत मोटारगाड्यांचे दिवस आले होते. त्यामुळे चौक, बाजार, नगरपालिका आणि शाळा यांच्याभोवती गाव वाढते तसे हे वाढले नाही. जो महामार्ग, रूट वन, तोच बाजारपेठ झाला. त्याचे इथले नाव बाल्टिमोर अॅव्हेन्यू आहे, पण तसे क्वचितच कोणी म्हणते. अॅन आर्बरशी तुलना करून जे निराश होतात त्यांना मी हा इतिहास सांगते, कारण जे कधी नव्हतेच ते हरवले असे मानून या गावाकडे पाहणे बरोबर नाही.

रूट वनविषयी थोडे अधिक लिहायला हवे. सुरुवातीच्या वर्षांत मी तो रस्ता अक्षरशः जीव मुठीत धरून ओलांडत असे. २०१४ मध्ये थोड्या थोड्या अंतराने पादचाऱ्यांचे मृत्यू झाले, तेव्हा कुठे वेगमर्यादा ताशी २५ मैलांवर आणली गेली आणि रस्त्याच्या मधोमध कुंपण घातले गेले. त्यानंतर विद्यापीठासमोरचा आणि त्याच्या उत्तरेचा भाग नव्याने बांधला गेला. दुभाजक, सायकलींची मार्गिका आणि सलग पदपथ आले. ही कामे चालू असताना वर्षानुवर्षे धूळ खाल्ली, आणि गावातली काही छोटी दुकाने त्या काळात टिकली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण आज बर्विनहून मुलाचा हात धरून विद्यापीठापर्यंत चालत जाता येते. २०११ मध्ये मी कोणालाही तसे करू नका असे सांगितले असते. हॉटेल २०१७ मध्ये विद्यापीठाच्या मुख्य प्रवेशद्वारासमोर उघडले, आणि वर्तमानपत्रांनी गावाच्या कायापालटाची सुरुवात तिथून मोजली. मी ती पदपथापासून मोजते.

नव्या उंच इमारतींपैकी बहुतेक विद्यार्थ्यांसाठी आहेत आणि त्यात खोल्यांप्रमाणे भाडे घेतात, तेव्हा कुटुंबाने तिकडे न पाहिलेले बरे. तरी त्यांचा एक चांगला परिणाम मी जवळून पाहिला आहे. पूर्वी ओल्ड टाउनमधली बहुतेक जुनी घरे विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेली असत. ऑगस्टच्या अखेरीस एकाच आठवड्यात सगळ्यांचे करार संपत, आणि पदपथावर सोफे, गाद्या, तुटकी टेबले आणि पावसात भिजलेली पुस्तके यांचे ढीग लागत. माझ्या तळघराच्या खिडकीला तेवढ्या दिवसांत उजेडच येत नसे, कारण समोर कोणाची तरी गादी टेकवलेली असे. वरच्या मजल्यावर पाच जण राहत. शौचालयाचा नळ चार महिने गळत होता, आणि घरमालकाला वारंवार कळवूनही त्याने लक्ष दिले नाही, कारण पुढच्या वर्षी नवे भाडेकरू मिळणार याची त्याला खात्री होती. विद्यार्थ्यांना राहायला दुसरी जागा मिळू लागली तशी त्यातली काही घरे पुन्हा विकली गेली आणि तिथे मुलेबाळे असलेली माणसे आली. सगळी घरे नव्हे, पण एखाद्या गल्लीचा स्वभाव बदलायला तीनचार घरे पुरतात.

नगर आणि विद्यापीठ यांच्या भागीदारी संस्थेने २०२० पर्यंत देशातल्या पहिल्या वीस विद्यापीठ-नगरांत येण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. अशा क्रमवारीने रहिवाशाचे काही भले होते असे मला वाटत नाही. परंतु त्याच भागीदारीतून आलेली एक योजना मला फार मोलाची वाटते: विद्यापीठाच्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याने नगराच्या हद्दीत राहण्यासाठी घर घेतल्यास १५,००० डॉलरचे साहाय्य मिळू लागले. आपल्या पत्नी विद्यापीठात रुजू होणार आहेत, तेव्हा सध्याच्या अटी आणि रक्कम काय आहे याची चौकशी घराचा सौदा करण्याआधीच करावी.

माणसे टिकण्याचे दुसरे कारण म्हणजे इथे विद्यापीठाबाहेरही काम आहे. १९९४ पासून राष्ट्रीय अभिलेखागाराची मोठी इमारत इथे आहे. संशोधकाचे ओळखपत्र करून घेतले की कोणालाही तिथल्या वाचनकक्षात बसून मूळ कागद हाताळता येतात. हवामानाचा अंदाज वर्तवणारे राष्ट्रीय केंद्र २०१२ मध्ये विद्यापीठाच्या पूर्वेकडच्या संशोधन संकुलात आले. क्वांटम संगणक बनवणारी आयनक्यू ही कंपनी इथल्याच प्राध्यापकाच्या संशोधनातून निघाली आणि तिने मुख्यालयही इथेच ठेवले. या ठिकाणी काम करणाऱ्यांना सत्र कधी सुरू झाले आणि कधी संपले याचे सोयरसुतक नसते. २०१० मध्ये गावाची लोकसंख्या ३०,४१३ होती, ती २०२० च्या जनगणनेत ३४,७४० झाली. तिच्यात वसतिगृहांतले विद्यार्थीही मोजले जातात, आणि एकट्या विद्यापीठात सुमारे ४०,००० विद्यार्थी शिकतात, हे लक्षात घेतले म्हणजे सत्राच्या बाहेर जगणारी ही थोडी माणसे गावासाठी किती महत्त्वाची आहेत ते कळेल.

प्रवासाविषयी थोडक्यात. मेट्रोची ग्रीन लाइन इथे १९९३ पासून आहे आणि वॉशिंग्टनच्या मध्यभागी साधारण अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या पर्पल लाइनचे घोंगडे मात्र फार काळ भिजत पडले आहे. सोळा मैल आणि २१ स्थानकांच्या या मार्गाचे काम २०१७ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये गाडी धावणार होती. २०२० मध्ये बांधकाम कंत्राटदाराने काम सोडले, नवा नेमावा लागला, आणि आता २०२७ च्या अखेरीच्या आसपासचा काळ सांगितला जातो. रूळ थेट विद्यापीठाच्या आवारातून जातात, त्यामुळे ती सुरू झाली की बेथेस्डा आणि सिल्व्हर स्प्रिंग या पश्चिमेकडच्या उपनगरांकडे गाडीविना जाता येईल. तरीही विक्रेता तिचे नाव घेऊन घराची किंमत वाढवून सांगत असेल, तर गाडी धावेपर्यंत त्या जादा पैशांना हो म्हणू नये.

आता एक अशी गोष्ट, जी घर दाखवणारा दलाल आपल्याला सांगणार नाही, पण गावात राहायला येणाऱ्याला माहीत असावी असे मला वाटते. आर्टेमेशिया तळे ही इथली सर्वांत सुंदर जागा आहे. भोवतीने सव्वा मैलाहून थोडी अधिक पक्की वाट आहे. सकाळी बगळे काठच्या उथळ पाण्यात निश्चल उभे असतात, गळ टाकून बसलेली म्हातारी माणसे एकमेकांशी हळू आवाजात बोलत असतात, आणि मधूनच पलीकडून मेट्रोची गाडी जाते. हे तळे नैसर्गिक नाही. ग्रीन लाइनच्या बांधकामासाठी इथून वाळू आणि खडी काढली गेली, त्या खड्ड्याचे तळे झाले. आणि त्याच्या लगतची बरीच जमीन एकेकाळी लेकलँड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीची होती.

लेकलँड ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची वस्ती. शाळांमध्ये वर्णभेद होता त्या काळात, १९२८ मध्ये, तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी माध्यमिक शाळा उघडली आणि आसपासच्या गावांतून मुले तिथे शिकायला येत. वस्ती सखल भागात असल्याने पुराचा त्रास होता. तो दूर करण्यासाठी म्हणून १९७० च्या दशकात शहर-नूतनीकरणाची योजना राबवली गेली, आणि तिच्यात १५० पैकी १०४ कुटुंबांची घरे गेली. परत येता येईल अशी आशा त्यांना दाखवली होती. ते बहुतेकांच्या बाबतीत घडले नाही, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे विद्यार्थ्यांच्या सदनिकाही उभ्या राहिल्या. २०२० मध्ये नगर परिषदेने याबद्दल जाहीर माफी मागितली आणि नुकसान कसे भरून काढता येईल यावर काम सुरू केले. दोनएक वर्षांपूर्वी तळ्याच्या वाटेवर एका आजींनी मला हाताने दाखवले, ‘आमचा ओटा इथे होता, आणि त्या झाडापलीकडे मावशीचे घर.’ तिथे आज उंच गवत आहे. त्यानंतर गावात नव्या इमारतीची सुनावणी असली की मी जाते, आणि तिथे कोण राहणार हे विचारण्याआधी आज तिथे कोण राहते हे विचारते. आपणही येथे राहायला आलात तर या सुनावण्यांना जरूर यावे. त्या सर्वांसाठी खुल्या असतात.

मुलाच्या दृष्टीने पाहता बर्विन, कॅल्व्हर्ट हिल्स आणि उत्तरेकडचे हॉलिवुड हे भाग मी सुचवीन. कॅल्व्हर्ट हिल्समध्ये जुनी, देखणी, महाग घरे आहेत आणि मेट्रो हाकेच्या अंतरावर आहे. हॉलिवुडमध्ये घरे साधी आहेत पण अंगण मोठे मिळते. बर्विनचा मला लोभ आहे, हे लपवत नाही. जुन्या ट्रामच्या मार्गावर केलेली पायवाट आणि सायकलवाट आमच्या मागूनच जाते आणि लहान मुले तिच्यावरच सायकल शिकतात. ओल्ड टाउन मात्र सध्या तरी टाळावे. गुरुवार ते शनिवार रात्रीचा गोंगाट तिथे अजूनही आहे. शाळा हा सर्वांत कठीण मुद्दा आहे, आणि मूल शाळेच्या वयाचे झाले की गाव सोडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. विद्यापीठाच्या सहकार्याने २०१३ मध्ये कॉलेज पार्क अकॅडमी सुरू झाली, पण ती सहावीपासून पुढे आहे आणि प्रवेश सोडतीने मिळतो. तेव्हा प्राथमिक शाळा स्वतः जाऊन पाहावी आणि तिथल्या पालकांशी बोलावे; गुणांकनाच्या संकेतस्थळांवर विसंबू नये.

घर ठरवण्यापूर्वी दोनदा यावे. एकदा ऑक्टोबरमधल्या सामन्याच्या शनिवारी, म्हणजे रूट वनवरची गाड्यांची रांग, लाल कपड्यांतली गर्दी आणि आपल्याला किती आवाज सहन होतो हे कळेल. दुसऱ्यांदा जुलैमधल्या एखाद्या मंगळवारी, साडेसहाच्या सुमारास. मेट्रो स्थानकावर उतरून मुलाला घेऊन तळ्यापर्यंत चालत जावे, त्याला एक फेरी मारू द्यावी, आणि परतताना बर्विनच्या गल्ल्यांतून यावे. त्या वेळी लोक पायऱ्यांवर बसलेले असतात आणि ओळख नसली तरी बोलतात. घराविषयी जे विचारायचे असेल ते त्यांना विचारावे.