मुहम्मद अली ‘मीच सगळ्यात महान’ म्हणायचा, तो आत्मविश्वास होता की नार्सिसिझम?

‘स्वतःवर खरा विश्वास असलेला माणूस बोलून दाखवत नाही,’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. हे मला अजिबात पटत नाही. मी सांगली जिल्ह्यातला, पलूसकडचा. पोरवयातली सहा वर्षं तालमीत काढलीत. कुंडलच्या कुस्ती मैदानात पैलवान हलगीच्या ठेक्यावर फिरतो आणि मांडीवर असा शड्डू ठोकतो की शेवटच्या रांगेतला माणूसही मान वर करतो. त्याला आमच्याकडे कुणी गर्विष्ठ म्हणत नाही. शड्डू समोरच्याला इशारा असतो, आणि आपल्या पोटात आलेला गोळा दाबायलाही असतो. हे मी अनुभवानं सांगतोय.

अली मुष्टियोद्धा, पण त्यानं हे एका पैलवानाकडूनच उचललं. १९६१ मध्ये लास वेगासला त्यानं गॉर्जस जॉर्ज या पैलवानाला बढाया मारताना पाहिलं. याला हरताना बघायला मिळावं म्हणूनही लोक तिकीट काढतात, हे त्याला तिथं कळलं. पुढे २५ फेब्रुवारी १९६४ ला तेव्हाचा जगज्जेता सनी लिस्टन याच्याशी लढत होती. सकाळी वजनाच्या वेळी हा २२ वर्षांचा पोरगा नुसता आरडाओरडा करत होता, आणि डॉक्टरनं नाडी धरली तर ती मिनिटाला १२० पडत होती. त्याच रात्री लिस्टन सातव्या फेरीला उठलाच नाही.

नार्सिसिझम म्हणजे टोकाचं आत्मप्रेम, पण विकार म्हणून तो निदानाचा शब्द आहे. कौतुकाची न भागणारी भूक, दुसऱ्याच्या दुखण्याची जाणीव नसणं, माणसं वापरून घेणं, आणि तेही घरी, कामावर, सगळीकडे, वर्षानुवर्षं. कॅमेऱ्यासमोरच्या दोन वाक्यांवरून ते ठरवता येत नाही.

आमच्या तालमीतला एक जण फार बोलायचा. एका जत्रेत ‘आज तुला आभाळ दाखवतो’ असं सगळ्यांदेखत म्हणाला आणि घिस्सा डाव मारून मला चीत केलं. मी उठायच्या आत त्यानं हात दिला, माझ्या पाठीवरची माती झाडली आणि कानात म्हणाला, ‘डाव बरोबर होता तुझा, दम कमी पडला.’ दुसरा एक होता, कायम हात जोडलेला, तोंडात कधी मोठा शब्द नाही. बारकी पोरं त्याचे पाय दाबत बसायची, आणि हरला की दोष वस्तादांचा. मला भीती वाटायची ती या दुसऱ्याची.

अलीनं १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला. किताब गेला, ऐन उमेदीत साडेतीन वर्षं रिंग बंद. नुसती स्वतःची आरती ओवाळून घ्यायची असती तर त्यानं ही किंमत मोजली नसती, असं माझं मत.

पण त्याचा प्रतिस्पर्धी मुष्टियोद्धा ‘जो फ्रेझर’ याच्या बाबतीत अली चुकला, आणि हे मी झाकणार नाही. बंदीच्या काळात अलीला परत खेळू द्या म्हणून फ्रेझर बोलला होता. त्यालाच १९७५ च्या मॅनिलाच्या लढतीआधी अली गोरिला म्हणत सुटला, रबरी खेळणं हातात घेऊन पत्रकारांना हसवत राहिला. फ्रेझरच्या मुलांना त्याचा त्रास झाला. याला शड्डू म्हणत नाहीत. अलीनं त्याची जाहीर माफी मागितली ती २००१ मध्ये, मॅनिलानंतर २५ वर्षांहून जास्त काळानं.