गौरी, काल-एल आणि ब्रॅम्प्टनचं घर

बाळा,

काल रात्री पांघरुणात तोंड खुपसून तू विचारलंस, "आई, सुपरमॅन, म्हणजे आपला क्लार्क, न्यू क्रिप्टॉनवर राहायला गेला, म्हणजे त्यानं पृथ्वीला फसवलंच ना? आणि साताऱ्याला निघताना तू 'घरी चाललोय' म्हणतेस, मग हे ब्रॅम्प्टनचं घर कुणाचं?" मी "झोप आता" म्हणून दिवा मालवला, पण मलाच झोप लागेना. म्हणून हे पत्र. अडेल तिथे मोठ्यानं वाच.

तुझं लायब्ररीतलं पुस्तक मी सकाळी वाचून काढलं. गोष्ट २००९ सालची. क्रिप्टॉन हा क्लार्कचा नष्ट झालेला जन्मग्रह. तिथल्या कँडॉर शहरात अडकलेले लाखभर क्रिप्टॉनवासी सुटतात, सूर्याच्या पलीकडे, पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूला, स्वतःचा ग्रह वसवतात. क्लार्क इथलं सगळं सोडून तिथे जातो, काल-एल हे आपलं जन्मनाव पुन्हा लावतो, सैन्यात भरती होतो, तेही त्याचा जुना शत्रू जनरल झॉडच्या हाताखाली. इथल्यांना वाटतं, गेला सोडून. तिथल्यांना वाटतं, हा शेवटी पृथ्वीचाच. वाचताना माझ्या पोटात कालवलं गं.

सुपरमॅनचं पहिलं चित्र काढणारा जो शुस्टर आपल्या टोरांटोतच जन्मला, १९१४ साली. वडील रॉटरडॅमचे, आई कीवची. अशा घरातल्या मुलाच्या हातून दोन नावांचा, दोन घरांचा माणूस उतरला, याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

आता आपल्याकडचं ऐक. दोन घरं असलेल्या बाईला आपल्यात शब्दच आहे, माहेरवाशीण. त्या वर्षी शाळा बुडवून आपण आजीकडे गणपतीला गेलो होतो, तेव्हाच्या गौरी आठवतात? उंबरठ्यापासून कुंकवाची पावलं काढली होती, त्यावरून त्या आल्या. आजीनं त्यांना आधी सगळं घर दाखवलं, स्वयंपाकघर, धान्याचे डबे, अगदी तिची तिजोरीसुद्धा. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. तिसऱ्या दिवशी ओटी भरून निरोप द्यायची वेळ आली, तशी तू आजीचा पदर धरून रडलीस, "त्यांचंच घर आहे तर पाठवता कशाला?" आजीनं तुझे डोळे पुसले आणि म्हणाली, "अगं, गेल्या नाहीत तर पुढच्या वर्षी येतील कशा?"

सासरी गेली म्हणून गौर माहेराला फितूर झाली, असं आपल्यात कुणी म्हणत नाही. क्लार्कलाही मी तसं म्हणणार नाही.

सोपं मात्र नसतं हे. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा भारताचा पासपोर्ट परत करावा लागला, कारण भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत. रद्द झाल्याचा शिक्का मारून तो घरी आला. मी तो स्वयंपाकघरात उभी राहून पानापानानं बघितला, तुझ्या बाबांनी गॅस बंद केला तेव्हा भात लागल्याचं कळलं. आता ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, हवं तेव्हा जाता येतं, पण तिथे मत देता येत नाही. ते मला अजून लागतं.

आणि हे घर कुणाचं? तुझं. उद्या शिकायला, नोकरीला, कुठेही गेलीस तरी हे तुझं माहेर. फक्त दारातून निघताना 'जाते' म्हणू नकोस, आजीसारखं 'येते' म्हण.

तुझी,
आई