पार्किंगखाली पावसाच्या पाण्याची टाकी

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमची सोसायटी आहे. छप्पर आणि पेव्हरचं अंगण मिळून 600 चौ.मी. जोराच्या सरीत पाणी खालच्या वाडीत घुसतं. पार्किंगखाली टाकी बांधली तर किती मोठी हवी?

उत्तर : तासाला 50 मिमी पाऊस धरा. पडलेल्या पावसाचा 0.9 भाग वाहून येतो असं धरलं, तर 600 × 0.05 × 0.9 म्हणजे तासाला 27 घनमीटर पाणी; तेवढी टाकी हवी. सर लांबली तर तेवढी टाकीही भरते, म्हणून वरच्या बाजूला ओसंड-पाइप हवाच. पण ही टाकी साठवणीची नव्हे, पाणी थोपवून हळूहळू सोडण्याची. पुढची सर येण्याआधी ती रिकामी व्हायला हवी. तळाशी 40 मिमीचं भोक ठेवलं, तर 1.2 मीटर भरलेली टाकी साधारण चार तासांत उतरते. एवढं लहान भोक पानांनी लगेच तुंबतं; आधी गाळ-चेंबर आणि जाळी बसवा, आगोटीआधी आणि पावसातही साफ करा.

खरा धोका रिकाम्या टाकीला असतो. शेजारच्या विहिरीची श्रावणातली पातळी बघा. भूजल तळाच्या वर आलं, तर बुडालेल्या प्रत्येक घनमीटरला सुमारे एक टन उचल बसते आणि हलकी प्लास्टिकची टाकी वर येते. तिथे उथळ, पसरट काँक्रीटची टाकी करा आणि तळाचा स्लॅब भिंतींबाहेर काढा, म्हणजे वरची माती तिला दाबून धरते.

पाइप खाडीत सुटत असेल, तर उधाणाचं पाणी उलटं शिरू नये म्हणून तोंडाला फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप लावा.