निवासी शाळेतली फेलोशिप: रात्रीची चावी कोणाकडे?

पदवीचे निकाल लागले की माझ्याकडे एकाच चालीची पत्रं येतात: निवासी शाळेत, आश्रमशाळेत वर्ष-दोन वर्षं शिकवायची फेलोशिप घ्यावी का? यंदा तर तीन वेगळ्या गोष्टींची भेळ झालेली दिसते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हे सरकारी प्रशिक्षण आहे. त्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये मिळतात. मुदत आधी ६ महिने होती, पुढे ११ केली. टीच फॉर इंडिया ही २ वर्षांची पूर्णवेळ फेलोशिप मोठ्या शहरांतल्या शाळांसाठी. आणि गावातली संस्था जिला ‘सेवा फेलोशिप’ म्हणते, तिचे नियम तिच्या कागदावर असतील तेवढेच. बहुतेक पत्रं या तिसऱ्या प्रकाराची आहेत.

दोन वर्षं फेलो म्हणून शिकवलं तर शाळा मला कायम करेल का? (बी.एस्सी., बार्शी)

नाही. पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला डी.एड., सहावी ते आठवीच्या शिक्षकाला डी.एड. किंवा बी.एड. आणि वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. भरती अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर, सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते. ‘अनुदान आलं की पहिला तुमचाच नंबर’ हे वाक्य ऐकत पांढरे केस झालेले लोक मी आपल्याच सोलापूर जिल्ह्यात पाहिले आहेत. तरीही आशा सुटत नसेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. संस्थेच्या क्लार्कला विचारून काय मिळणार?

संस्था १५,००० रुपये ‘प्रशिक्षण अनामत’ आणि मूळ गुणपत्रिका मागते. द्यावी का? (बी.ए., दक्षिण सोलापूर)

दोन्ही देऊ नका. फेलोशिपमध्ये पैसे तुम्हाला मिळायचे असतात हो! मूळ कागद पडताळणीला दाखवा, झेरॉक्सवर सही करून द्या आणि मूळ घेऊन घरी या. आधीच दिले असतील तर आज लेखी अर्ज करा, पोच घ्या, आणि वकिलाला दाखवा. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत बसलात तर बी.एड.च्या प्रवेशाला कागद हाताशी नसतील.

एनएसएसचं प्रमाणपत्र आहे. फेलोशिपला प्राधान्य मिळतं का?

२४० तास केलेत, छान. प्राधान्य संस्थेच्या जाहिरातीत लिहिलं असेल तरच.

राहणं-जेवण फुकट आहे. बदल्यात रात्री वसतिगृहावर ‘जरा लक्ष’ ठेवायचं, एवढंच. हो म्हणू का? (बी.कॉम., मोहोळ)

या ‘जरा लक्ष’वर मी चिडतो, आणि त्याला कारण आहे.

आश्रमशाळेत अधीक्षक हे वेगळं पद असतं. हजेरी, कोठार, जेवण, आजारपण आणि रात्र ही सगळी त्याची जबाबदारी. ते पद रिकामं पडलं की चावी सर्वांत नव्या आणि सर्वांत भिडस्त माणसाच्या हातात जाते. मी मुख्याध्यापक असताना ती एका २२ वर्षांच्या फेलोच्या हातात गेली. दिली मीच होती. पहिलीतलं एक पोर रात्री पोटावर हात दाबून ‘होट्टी, होट्टी’ म्हणत रडायला लागलं. घरी कन्नड बोलणारं पोर, ‘होट्टी’ म्हणजे पोट. फेलोला वाटलं, आईची आठवण येतेय. मग कळलं तेव्हा त्याने स्वतःच्या पिशवीतली गोळी दिली. दोन वाजता पोराला उलट्या सुरू झाल्या. फाटकाची दुसरी चावी पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी तांड्यावर घरी. १०८ची गाडी आली आणि कुलूप फोडेपर्यंत बाहेर उभी राहिली. पोर वाचलं. पण चौकशीत रजिस्टरवरची सही त्या मुलाची निघाली आणि पहिला जबाबही त्याचाच झाला. माझा तिसरा.

म्हणून हो म्हणण्याआधी लेखी मागा. रात्रीचा अधीक्षक कोण? मुलींच्या वसतिगृहात बाई अधीक्षिका मुक्कामाला असते की फक्त कागदावर? फाटकाची चावी आणि वाहन कुठे असतं? आपल्या मनाने कोणालाही गोळी द्यायची नाही, अगदी तापाचीसुद्धा. डॉक्टरला फोन करायचा. एकट्या मुलाला बंद खोलीत समजवायचं नाही. दार उघडं ठेवायचं, दुसरं मोठं माणूस जवळ असू द्यायचं. संस्थेने तुमची पोलीस चारित्र्य पडताळणी मागितली तर रागावू नका. न मागणाऱ्या संस्थेत मी माझी नात ठेवणार नाही.

आणि एखाद्या मुलाने तुमच्याजवळ लैंगिक अत्याचाराची गोष्ट काढली, तर ‘आधी सचिवसाहेबांना विचारू’ हा मार्ग कायद्यातच नाही. मुलांना अशा अत्याचारापासून वाचवणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं. लपवणं हाही गुन्हाच. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करा. संस्थेची बदनामी होईल असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्यासमोरच फोन लावा. रुजू होण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात एक चक्कर मारून हे सगळं समजून घ्या. अर्धा तास जाईल.

मानधनावर टॅक्स लागतो का?

रक्कम आणि कराराची भाषा पाहून ठरतं. कागद सीएला दाखवा, चहाच्या टपरीवर नको.

मुलांची घरची भाषा मराठी नाही. मला जमेल का? (एम.ए., अक्कलकोट)

जमेल. आपल्या जिल्ह्यात हे नवं नाही. शहरात तेलुगू, तुमच्याकडे कन्नड, बंजारा तांड्यावर गोरमाटी. पहिल्या आठवड्यात पाणी, भूक, पोट, डोकं, भीती आणि आई एवढे शब्द मुलांकडूनच शिका. त्यांना शिकवायला आवडतं. तुमचे उच्चार चुकले की वर्ग हसेल, हसू द्या.

बी.एड.ला नंबर लागला तर मध्येच सोडता येईल ना? (बी.ए., सांगोला)

करारात नोटिशीची मुदत किती, ते वाचा. सीईटी दिली असेल तर मुलाखतीतच सांगा, लपवू नका. निवासी शाळेत बरीच मुलं ऊसतोडीला गेलेल्या घरांतली असतात. आई-बाप दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातात ते उन्हाळा लागेपर्यंत येत नाहीत. नेमके त्याच महिन्यांत तुम्हीही गेलात, तर ते पोर खिडकीशी बसून कोणाकोणाची वाट बघणार? जायचंच असेल तर सत्र संपताना जा, आणि का जाताय ते मुलांना आठवडाभर आधी स्वतः सांगा.

सोबत काय न्यावं?

बॅटरी, स्वतःचं कुलूप, मच्छरदाणी, शेंगाचटणीचा डबा. नेमणूकपत्राची एक प्रत घरी ठेवा. पत्र अजून आलंच नसेल तर पेटी भरू नका.