वाचकांचे प्रश्न : तुर्की पडद्यावरचे नाझी

प्रश्न : अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. आमच्या चित्रपट मंडळाला या पावसाळ्यात ‘तुर्की सिनेमातली नाझी विचारसरणी’ या विषयावर तीन खेळ लावायचे आहेत. कोणते चित्रपट घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : पहिला ‘चिचेरो’ लावा (२०१९, दिग्दर्शक सेरदार अकार). ‘चिचेरो’ म्हणजे एलयेसा बाझना, तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकारात, ब्रिटिश राजदूताचा नोकर होता. १९४३-४४ मध्ये राजदूताच्या गुप्त कागदांचे फोटो काढून तो जर्मनांना विकत असे. मोबदल्यात मिळालेले पौंड बहुतेक बनावट निघाले. त्या नोटा साक्सेनहाउसेन छळछावणीतल्या कैद्यांकडून छापून घेतल्या होत्या. हेरकथा असल्याने प्रेक्षक खिळून राहतो, पण इथे नाझी म्हणजे बाहेरून आलेलं संकट, एवढंच मनावर ठसतं.

दुसरा ‘तुर्क पासापोर्तु’ (२०११) हा माहितीपट. तुर्की वकिलातींनी ज्यूंना वाचवल्याच्या कथा त्यात साक्षी आणि नाट्यरूपांतर एकत्र गुंफून सांगितल्या आहेत. खेळाआधी दहा मिनिटं माहिती द्याच, नाहीतर प्रेक्षक अर्धंच चित्र घेऊन घरी जाईल. ऱ्होड्‌स बेटावरचे तुर्की कॉन्सल सेलाहत्तिन उल्क्युमेन यांचं धैर्य खरं आहे. तुर्की नागरिकाचा जोडीदारही तुर्की नागरिकच, असा अस्तित्वात नसलेला नियम पुढे करून त्यांनी १९४४ मध्ये चाळीसहून अधिक जणांना वाचवलं. पण त्याच काळात फ्रान्समधल्या अनेक तुर्की ज्यूंचं नागरिकत्व तुर्की सरकारने काढून घेतलं होतं. हेही सांगायलाच हवं.

शेवटी ‘साल्किम हानिमिन तानेलेरी’ (१९९९, दिग्दर्शिका तोमरिस गिरितलिओलू). आमच्या मते तिन्हींत हाच मोलाचा. विषय आहे नोव्हेंबर १९४२ चा ‘वार्लिक वेर्गिसी’, म्हणजे संपत्ती कर. सरकारी याद्यांत नावापुढे अक्षर असे : ‘एम’ मुस्लिम, ‘जी’ गैरमुस्लिम, ‘ई’ परदेशी, ‘डी’ धर्मांतरित. गैरमुस्लिमांवर कित्येक पट कर बसला, भरायला मुदत १५ दिवस. न भरल्यास मालमत्तेचा लिलाव, आणि तरीही बाकी राहिली तर पूर्वेला अश्कालेच्या श्रमछावणीत रवानगी. तुर्कस्तान तेव्हा युद्धात तटस्थ होता. माणसाच्या जन्मावरून त्याचं स्थान ठरवायला फौज आणावी लागत नाही, कारकुनाचं टेबल पुरतं, हे या चित्रपटाइतकं थेट फार थोड्या तुर्की चित्रपटांनी दाखवलं. यानंतर चर्चेला निदान तासभर ठेवा.

परवानगी मात्र आधीच मिळवा. घरच्या ओटीटी खात्यावरून जाहीर खेळ करता येत नाही. निर्माता किंवा वितरकाचं लेखी पत्र लागतं, सेन्सॉरचंही बघावं लागतं.

प्रश्न : तुर्की चित्रपटाची सबटायटल्स सुरुवातीला बरोबर असतात, पुढे मागे पडतात. अक्षरंही बिघडतात. काय करावं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : फरक वाढत जातो, म्हणजे फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दाखवली जातात तो आकडा) जुळत नाही. चित्रपट २५ फ्रेमचा आणि फाइल २३.९७६ ची असेल, तर तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो. नुसती वेळ पुढे-मागे सरकवून हे सुटत नाही. सबटायटल एडिटरमध्ये फ्रेमरेट बदलावा लागतो. फरक सुरुवातीपासून सारखाच असेल, तरच वेळ सरकवा. ‘श’ आणि ‘ग’ची तुर्की अक्षरं चौकोन होऊन दिसतात ती एन्कोडिंगमुळे, म्हणजे फाइलमध्ये अक्षरं साठवण्याच्या पद्धतीमुळे. फाइल उघडताना तुर्की एन्कोडिंग निवडा आणि जतन करताना यूटीएफ-८. मराठी सबटायटल्स स्वतः करत असाल तर सभागृहातल्याच यंत्रावर आधी तपासा, कारण जुन्या प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. ओळ चाळीसेक अक्षरांपलीकडे नको, मागच्या रांगेतल्याला वाचून होत नाही.