"टेस्टला किती लागतील, मॅडम?"

सांगलीतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात हल्ली निम्मे फोन याच प्रश्नाने सुरू होतात. "शाळेतून सांगितलंय, एडीएचडीची टेस्ट करून आणा. किती लागतील?" एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही किंवा अंगात नको इतकी चळवळ असते, अशी लहानपणापासूनची अवस्था. मूल कितवीत आहे, काय होतंय, हे नंतर. आधी आकडा. यात मला वावगं काही वाटत नाही. तासगाव-पलूसकडच्या घरांत पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही, बेदाण्याचा सौदा झाला की येतो. मधल्या काळात असला खर्च उभा राहिला की एकतर भिशी मोडते, नाहीतर सोनं पतसंस्थेत जातं. पण या घरांशी बोलता बोलता माझं एक मत पक्कं झालंय. आकडा विचारणाऱ्या आईला आतून विचारायचं असतं, "माझं काही चुकलं का?" त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, की कितीही महाग टेस्ट कमीच वाटते.

आर्या आठवीत होती. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तासगाव तालुक्यातलं द्राक्षबागायतदार घर. पहिल्या भेटीला आई, वडील, आजी असे सगळेच आले. मी मुलाला एकटं कधी बघत नाही, सगळं घर समोर बसवते. मूल कुठे अडतंय ते घरातली माणसं एकमेकांचं बोलणं कशी तोडतात त्यावरून लवकर कळतं.

आईच्या हातात पुण्याच्या एका केंद्राचं पॅकेज होतं. चोवीस हजार. बुद्ध्यांक चाचणी, 'ब्रेन मॅपिंग', रंगीत रिपोर्ट. "माझ्या पाटल्या ठेवते," ती म्हणाली, "पण एकदा काय ते कळू दे."

"कळायचं काय त्यात?" आजी म्हणाल्या. "पोरगी आळशी हाय. बापानं लाडावून ठेवलीया."

वडील गप्प. आर्या खिडकीबाहेर बघत होती.

या मुलीबद्दल आठवीपर्यंत कुणाला शंका का आली नाही? कारण ती उड्या मारत नव्हती. एडीएचडी म्हटलं की बाकावर चढणारा मुलगाच डोळ्यांसमोर येतो. पण या अवस्थेत एक गट असा असतो की ज्याचं फक्त लक्ष सुटतं. कंपास हरवतो, गणिताची शेवटची पायरी राहून जाते, सांगितलेलं अर्ध्यात विरतं. मुली या गटात जास्त सापडतात, आणि त्रास देत नाहीत म्हणून उशिरा सापडतात. तोवर त्यांना 'वेंधळी' हे नाव कायमचं चिकटलेलं असतं.

मी आधी तो पॅकेजचा कागद बाजूला ठेवायला लावला. एडीएचडी रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, मेंदूच्या स्कॅनमध्येही नाही. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) किंवा त्यावरून काढलेलं ब्रेन मॅपिंग, यांवरून त्याचं निदान करत नाहीत. फिट येत असल्याची शंका असेल तर ईईजीला अर्थ आहे, एरवी नाही. बुद्ध्यांक चाचणीही प्रत्येकाला लागत नाही. अभ्यासात नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं असेल तेव्हा ती उपयोगाची. निदान होतं ते तज्ज्ञाने नीट विचारून, ऐकून.

वडिलांना हे पटेना. "मशीन न लावता कसं कळंल मॅडम? नुसतं विचारून?"

मी म्हटलं, "दादा, वेलीला काय कमी पडतंय ते बघायला बागेत पानांचं देठ परीक्षण करता ना? देठ कुठनं घेता?"

"कुठनं म्हणजे? सगळ्या बागेत फिरून. एका वेलीचे घेऊन चालत न्हाईत. एखादी वेल मुळातच..." आणि ते थांबले. बायकोकडे बघितलं. "म्हंजे आपण निस्ती घरातलीच वेल बघतोय. शाळेत कशी, क्लासला कशी, ते कुणी विचारलंच न्हाई."

हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि विसरले असते. इतक्या वर्षांत मी एवढं तरी शिकले आहे की माणसाला माहीत असलेल्या गोष्टीपर्यंत त्याला नेऊन सोडायचं, पुढचं पाऊल त्याचं त्यालाच टाकू द्यायचं. निदानाचा नियम हाच तर आहे. लक्ष सुटण्याच्या ९ लक्षणांपैकी कमीत कमी ६ (सतरा वर्षं पूर्ण झाल्यावर ५), किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, आणि सुरुवात बाराव्या वर्षाच्या आधी झालेली.

ही शेवटची अट बरेच जण विसरतात. मी आईला म्हटलं, पुढच्या वेळी पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं आणि सापडतील त्या वह्या घेऊन या. तिला वाटलं, मी वेळ काढतेय.

पुढच्या वेळी पिशवी भरून आली. दुसरीच्या बाईंचा शेरा, "हुशार आहे, लक्ष दिल्यास पुढे जाईल." चौथीत, "वर्गात असूनही नसते." वाचताना आईचा चेहरा उतरत चालला. तेवढ्यात आजी, ज्यांना या सगळ्यावर पैसे घालवायचे नव्हते, आपणहून बोलायला लागल्या. "चार-पाच वर्साची असंल. दुकानात मीठ आणाय धाडली की वाटंतल्या मांजरापाशी बसायची. मीठ बी न्हाई, पैसं बी न्हाईत. मारली तरी दुसऱ्या दिशी तेच. मला वाटायचं मुद्दाम करती." मग जरा वेळाने, नातीकडे न बघता, "मुद्दाम करणारं पोर एकदा मार खाल्ल्यावर तरी शहाणं व्हतंय की."

आर्या त्या दिवशी पहिल्यांदा आपण होऊन बोलली. "मला ऐकू येतं. पण राहत नाही. आई ओरडली की ओरडणं राहतं, काम जातं."

या वाक्यापुढे रंगीत रिपोर्ट काय टिकणार? घरातली चारही माणसं गप्प होती, आणि माझ्या लेखी खरी तपासणी तिथे झाली. आईला तिच्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सासूकडून मिळालं होतं. पोर पहिल्यापासून अशी होती. कुणाच्या लाडाने नाही की कुणाच्या दुर्लक्षाने नाही.

अर्थात माझ्या लेखी म्हणजे निदान नव्हे. समुपदेशकाला ते करता येत नाही, आणि जो करतो म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. निदान मनोविकारतज्ज्ञाचं किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं काम. मानसशास्त्रज्ञाच्या रिपोर्टवर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक हवा. नसेल तर तो कागद पुढे कुठेच चालत नाही.

त्याआधी डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. त्याने थकवा कमी झाला, पण दुसरीतला शेरा काही त्याने पुसला जाणार नव्हता. मग आमच्याकडचा स्वस्त रस्ता धरला. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग. ओपीडीत गर्दी असते, खेटे पडतात, आणि शेतकऱ्याचा एक दिवस मोडणं हाही खर्चच. म्हणून सगळे कागद आम्ही एका फाइलमध्ये आधीच लावून दिले. प्रगतिपुस्तकं, वर्गशिक्षकांनी आणि क्लासच्या सरांनी भरलेली प्रश्नावली, आजींचं म्हणणं एका पानावर. डॉक्टरांनी फाइल वाचली, आर्याशी वेगळं बोलले, पुन्हा बोलावलं आणि निदान लिहून दिलं. पाटल्या घरातच राहिल्या.

शाळा जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित असेल तर आणखी एक वाट आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या तक्रारी त्यांनी बघायच्या असतात त्यांत एडीएचडीही आहे. पथक आलं की पालक फक्त उंची-वजनाचा कागद बघतात. त्या दिवशी मुख्याध्यापकांकरवी आपलं म्हणणं सांगा. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

खासगीत जाऊच नका असं मी म्हणत नाही. वेळ वाचतो, नीट बसून बोलणं होतं. पण पैसे भरण्याआधी फोनवरच विचारा की निदान लिहून कोण देणार, शाळेकडून माहिती घेणार का, कुठली चाचणी कशासाठी, आणि रिपोर्ट समजावून सांगायची भेट त्याच फीमध्ये आहे का. पालक-शिक्षकांनी भरायची कॉनर्ससारखी प्रश्नावली केंद्राला विकत घ्यावी लागते. सहा ते बारा वयाच्या मुलांसाठीची व्हॅंडरबिल्ट प्रश्नावली मोफत मिळते. फीमधला थोडा फरक असाही असतो.

विम्याचंही विचारतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला लावलं आहे. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि ही तपासणी ओपीडीतली. पॉलिसीत ओपीडीचा भाग असेल तरच आशा धरा.

आणि दहावीच्या सवलतीसाठी धावपळ करणाऱ्यांना एक सांगायचंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत एडीएचडी वेगळा नाही, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितात अडणं) आहे. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना तीही असते, पण तिची तपासणी निराळी आणि प्रमाणपत्र ठरावीक सरकारी रुग्णालयाचंच लागतं. आर्याचं गणित बघून मी हीच तपासणी पुढे सुचवली.

वाचलेले पैसे उधळायचे नसतात, ते पुढे लागतात. निदान एकदाच होतं. खर्च त्यानंतर, महिन्यामागून महिने. औषध सुरू झालं तर मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, ते अंमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत येतं. चिठ्ठी आणि फेरतपासणी दोन्ही सांभाळावी लागतात. आर्याच्या घरी औषधाचा निर्णय अजून व्हायचा आहे. वडिलांना भीती वाटते, आणि मी त्यांना घाई करत नाही. सध्या आई एका वेळी एकच काम सांगते, तेही तिच्यासमोर उभी राहून. शाळेने बाक पुढे घेतला. गणिताची तपासणी द्राक्षांची छाटणी उरकली की करायची, असं वडिलांनी फोनवर सांगितलंय. तारीख त्यांनीच मागून घेतली.